पांढऱ्या काठाचं जेड: घरात सुकतंय, अंगणात भाजतंय. ठेवू कुठे?

सपरीवाली
९ एप्रिल, सकाळी ८:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. घर जुनं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, समोर पूर्वेला तोंड करून सपरी (म्हणजे ओसरी) आणि आत दोन अंधाऱ्या खोल्या. मागच्या दिवाळीत नागपूरहून येताना एक लहान कुंडी आणली. नखाएवढी गोल पानं, मधे हिरवी, काठाला पांढरट पिवळी. कुंडीत चिठ्ठी खोचलेली, 'व्हेरिगेटेड जेड, इनडोअर'. इनडोअर म्हटलं म्हणून आतल्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवली.

सासरे सोयाबीनवाले. पहिल्याच दिवशी पाहून म्हणाले, "याले मोझॅक आला. उपटून फेक, नाही तं वावरात जाईल." हे पांढरं म्हणजे रोग नाही हे समजावता समजावता दिवाळीचा फराळ संपला.

आता मुद्दा. आणलं तेव्हा पानाला पान लागून होतं. चार महिन्यांत दोन पानांच्या मधे बोट मावायला लागलं. सगळ्या फांद्या दाराकडे वाकल्या. एक फांदी पूर्ण हिरवी निघाली आहे आणि तीच सगळ्यात जोरात वाढतेय. दुसरी एक पूर्ण पांढरी, दिसायला फार गोड. मग ६ तारखेला मला वाटलं, ऊन पाहिजे असेल. सकाळी १० वाजता उचलून अंगणात तुळशीजवळ ठेवली. संध्याकाळी पाहते तर पांढरे काठ भाजलेल्या पापडासारखे. आता परत आत आहे.

आत उजेड कमी, बाहेर जास्त. मधलं काही असतं का?


चंद्रपूरची_झळ
९ एप्रिल, सकाळी ९:०५

फोटो टाका. भाजलेला भाग कोरडा आहे की ओलसर मऊ? कोरडा, कागदासारखा असेल तर उन्हाचा डाग. बुडाकडून मऊ पडत येत असेल तर सड, मग वेगळी गोष्ट. आणि एप्रिलमध्ये सकाळी १० चं ऊन, बाई! आमच्याकडे त्या वेळी कुत्रंही अंगणात थांबत नाही.


सपरीवाली
९ एप्रिल, सकाळी ९:४०

कोरडा आहे. बोटाने चुरतो. फोटो पाठवला, पण रेंज नाही, फिरतंय नुसतं.


मास्तर_घाटंजी
९ एप्रिल, रात्री ९:२०

फोटो दिसला. हे जेड नाही. म्हणजे बाजारात जेड म्हणूनच विकतात, पण खरं जेड म्हणजे क्रॅसुला. त्याची पानं अंगठ्याएवढी, जाड, चकचकीत. तुमच्या झाडाची खोडं लालसर तपकिरी आहेत आणि पानं नखाएवढी, म्हणून हे पोर्टुलाकारिया. मूळ दक्षिण आफ्रिकेचं, तिकडे हत्ती चरतात याला. साधं हिरवं पोर्टुलाकारिया चांगलं ऊन खातं. पांढऱ्या काठाचं मात्र नाजूक. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, म्हणजे तो भाग अन्न तयार करत नाही, नुसता बसून खातो. घरात चार माणसं, कमावणारी दोन. अशा झाडाला उजेड जास्त लागतो, कारण कमावणाऱ्या हिरव्या भागाला दुप्पट राबायचं असतं. पण तोच उजेड कडक झाला की पहिला बळी पांढऱ्याचा. तुमची अडचण ही अशी दोन्हीकडून आहे.

इनडोअरची चिठ्ठी फेकून द्या. ती विकणाऱ्याच्या सोयीची आहे.

आता उजेडाचं. आपला डोळा याबाबतीत अगदी बेभरवशाचा. अंधार झाला की बाहुली मोठी होते आणि खोली आपल्याला छान उजेडाची वाटते. मोबाईलवर उजेड मोजायचं फुकट ॲप मिळतं, लक्समध्ये आकडा दाखवतं. बिनचूक नसतं, पण तुलनेला चालतं. मी माझ्या घरी सकाळी ११ ला मोजलं. उघड्या अंगणात आकडा लाखाजवळ. सपरीच्या कडेला, ऊन अंगावर नसताना, ८ हजार. तिथून चार फूट आत, दीड हजार. आणि आतल्या खोलीत ज्या खुर्चीवर बसून मी पेपर वाचतो तिथे १८०. मला पेपर वाचता येतो, झाडाला जेवता येत नाही.

ॲप नको असेल तर दुपारी झाडावर हातभर उंचीवर पंजा धरा. सावलीत बोटं मोजता आली तर उजेड भरपूर. नुसता पंजाचा डाग दिसला तर मध्यम. काहीच दिसलं नाही तर तिथे देव्हारा ठेवा, झाड नको.


सपरीवाली
९ एप्रिल, रात्री ९:५१

मास्तर, टीव्हीशेजारी पंजा धरून पाहिला. रात्री नव्हे हो, दुपारीच पाहिला होता असं समजा, उद्या परत पाहते 😄


कलमवाला
१० एप्रिल, सकाळी ६:३०

ताई, मी सक्युलंटवाला, म्हंजे असल्या जाड रसाळ पानाच्या झाडांवाला, नाही. वरुडकडे संत्र्याच्या कलमा बांधतो. पण तुमच्या हिरव्या फांदीचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे जंभेरीच्या (रानटी लिंबाच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळ्याच्या खालून खुंटाचा फुटवा निघाला आन् माणसानं माया करून ठेवला, तं काही वर्सानं संत्रा मरते आन् झाडाले जंभेरी लागते. खुंटाचा फुटवा रानटी, त्याचा जोर जास्त. तसंच मोठ्या झाडावर पानसोट येते, सरळ वर जाते, रस सारा वढते, फळ काही देत नाही. आमी ते दिसलं की मोडतो. तुमची हिरवी फांदी म्हंजे पानसोट समजा. तिच्यात सारं हिरवं, कमाई दुप्पट, म्हून जोरात. ठेवली तं दोन वर्सानं कुंडीत सारं हिरवंच दिसन, पांढरं दबून जाईन.

बुडापर्यंत जा, जिथं पहिलं दोन रंगाचं पान दिसते तिथंच कापा. ब्लेड चुलीवर धरून घ्या. कापल्यावर दोन-चार दिवस पाणी नोको.


कोरडवाहू
१० एप्रिल, दुपारी १:१५

कापायची गरज नाही. ऊन वाढवा, हिरव्या फांदीलाही पांढरं येतं. माझ्या मनी प्लँटचं असंच झालं. आत होता तेव्हा हिरवाकंच, खिडकीत आणला तर पिवळे शिंतोडे परत आले.


मास्तर_घाटंजी
१० एप्रिल, रात्री ८:४५

मनी प्लँटचा अनुभव खरा आहे, माझाही तसाच. पण तिथे प्रत्येक पानात दोन्ही होतं, कमी उजेडात हिरवं वरचढ झालं होतं इतकंच. या झाडाचं वेगळं. काठाचा पांढरा रंग हा पानाच्या थरांचा खेळ आहे. झाडाच्या शेंड्यात एकावर एक थर असतात, त्यातला एक पांढऱ्या पेशींचा, एक हिरव्यांचा. दोन्ही थर शेंड्यात असले की काठ पांढरा, मधला भाग हिरवा. एखाद्या डोळ्यातून फुटवा निघताना फक्त हिरवा थर पुढे आला तर ती फांदी हिरवी, तिच्यात पांढरं उरलेलंच नाही. मग कितीही ऊन दाखवा, येणार कुठून? उजेड पांढरं तयार करत नाही. कमी उजेडाने एवढंच होतं की हिरवी फांदी शर्यत लवकर जिंकते.


वाळा
१० एप्रिल, रात्री १०:३०

अरे! मग माझं तीन वर्षांचं कोडं सुटलं. पिवळ्या काठाचं स्नेक प्लँट आहे माझ्याकडे. त्याचं एक पान कापून चार तुकडे केले, मातीत खोचले, पाच महिन्यांनी पिल्लं आली, सगळी साधी हिरवी. मी त्या पिल्लांना उन्हात ठेव, सावलीत ठेव, ताक घाल, काय काय केलं. शेवटी नणंदेला देऊन टाकली.


मास्तर_घाटंजी
११ एप्रिल, सकाळी ७:००

बरोबर. पानाच्या तुकड्यातून पिल्लू निघताना काठाचा थर सुटतो. पिवळा काठ हवा असेल तर गड्डा फोडून मुळासकट पिल्लू वेगळं करायचं, पान नाही. ताकाचा काही दोष नाही 😊


पऱ्हाटी
११ एप्रिल, सकाळी ११:२०

सपरीवाली ताई, ती पूर्ण पांढरी फांदी मला पाठवा ना. रुजवते. मला असलं पांढरंशुभ्र फार आवडतं. माझ्याकडे तो लाल गोळ्याचा कॅक्टस पण होता, वर्षभरात गेला बिचारा.


कलमवाला
११ एप्रिल, दुपारी १२:१०

पऱ्हाटी ताई, पांढरी रुजणार नाही. तिच्याजवळ सोताची चूल नाही. मायच्या घरी आहे तोवर जेवते, वेगळी काढली की उपाशी.

तुमचा लाल गोळाही तसाच. ते झाड एक नाही, दोन आहेत. खालचा हिरवा तिनधारी खुंट ड्रॅगन फ्रूटच्या भावकीतला, वर लाल गोळा कलम करून बसवलेला. लाल गोळ्यात हरितद्रव्य नाही, खालचा पोसते म्हून जगते. पाहा बरं, आमचं जंभेरी-संत्र्याचंच काम. खालचा मेला तं वरचा मेला. आन् वरचा लय मोठा झाला, खालचा पुरला नाही, तरी मेला.


पऱ्हाटी
११ एप्रिल, दुपारी १२:३२

म्हणजे मी दोन झाडं मारली 🙈


चंद्रपूरची_झळ
११ एप्रिल, रात्री ११:४०

आमच्याकडची एक गोष्ट सांगते, कोणाच्या लक्षात येत नाही. आमचं गाव कोळसा खाणीच्या रस्त्यावर, ट्रक दिवसरात्र चालतात. खिडकीतल्या झाडाचं पान पुसलं तर बोट काळं. दोन वर्षं मी उजेड कमी म्हणून झाड इकडून तिकडे हलवत होते आणि उजेड पानावरच्या धुळीत अडकत होता. आता दर रविवारी मऊ ब्रशने झटकते. ज्या सक्युलंटवर पांढरी भुकटी असते, एचेव्हेरिया वगैरे, त्याला मात्र हात लावू नका. ती भुकटी झाडाची स्वतःची छत्री आहे, पुसली की त्या पानावर परत येत नाही. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तुमच्याकडेही हीच गत असेल.

माझी खिडकी अशीही मार्चमध्ये जाते. कूलर बसतो ना तिथे! मग जूनपर्यंत ९ वॅटचा साधा पांढरा एलईडी, झाडाच्या डोक्यावर वीतभर, सकाळी ६ ते संध्याकाळी ६. जांभळा दिवा वगैरे काही लागत नाही. फक्त बल्ब छताला टांगून उपयोग नाही, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. वीतभर म्हणजे वीतभरच. आणि झाड कूलरच्या समोर ठेवू नका, त्या ओल्या हवेत माती वाळतच नाही.


सपरीवाली
१२ एप्रिल, सकाळी ७:१५

बल्बचं आमच्याकडे अवघड. लाइट असते तेव्हा असते.

हिरवी फांदी कापली. पांढरी ठेवली, मन झालं नाही. आता झाड सपरीत, आतल्या भिंतीला लागून. सासरे म्हणाले, "फांदी कापली तेवढं बरं केलं, मोझॅक कमी झाला."


बाजेवरचा_बुढा
१२ एप्रिल, दुपारी ४:००

पोरांनो, एवढे आकडे कायले पायजेत? माये आबा बाज सरकवत. हिवाळ्यात बाज सपरीच्या पार उत्तरेच्या कोपऱ्यात, कारण सकाळचं ऊन तिथं येऊन बसे. उन्हाळा लागला की तेच ऊन दक्षिणेच्या कोपऱ्यात जाय, मंग बाज उलट्या टोकाले सावलीत. दुपारी निंबाखाली. पावसाळ्यात आत, चुलीपाशी. वर्सातून चार वेळा बाजेचे पाय घासल्याचे डाग होते सपरीच्या शेणसारवणावर. झाडाले पाय नाहीत, तुमाले तं हायेत. सरकवा.


मास्तर_घाटंजी
१२ एप्रिल, रात्री ९:०५

बाबाजी, नमस्कार. तुम्ही जे सांगितलं ते भूगोलाच्या पुस्तकात नऊ ओळींत आहे आणि पोरांना कळत नाही.

सपरीवाली ताई, यांचं वाक्य नीट वाचा. तुमची सपरी पूर्वमुखी. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या उत्तरेला साधारण २५ अंश सरकून उगवतो, म्हणून तिरीप तिरकी येऊन दक्षिण टोकाला पडते. डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला सरकून उगवतो, तिरीप उत्तर टोकाला. आणि उन्हाळ्यात सूर्य भराभर वर चढतो, ९-९:३० ला कवेलूची वळचण ऊन तोडते. हिवाळ्यात ९ वाजता तो अजून खालीच असतो, ऊन सपरीत आतवर येतं.

दक्षिणेच्या खिडकीची गंमत अजून वेगळी. वर्ध्याला डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४५-४६ अंशांवर असतो. म्हणजे खिडकीचा माथा जमिनीपासून सहा फूट असेल तर ऊन जमिनीवर साधारण सहा फूट आत. २४ मेच्या आसपास तोच सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर, उभ्या काठीची सावली काठीखाली, दक्षिणेच्या खिडकीत थेंबभर ऊन नाही. त्यानंतर जुलैच्या १९-२० पर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा 'उत्तरेची खिडकी म्हणजे कायम सावली' हे थंड मुलखातल्या व्हिडिओत ऐकलेलं इथे जसंच्या तसं चालत नाही. पश्चिमेची खिडकी मात्र एप्रिल-मेमध्ये विसरा. तीनचं ऊन आणि तापलेली भिंत, दोन्ही एकदम.

तुमच्या झाडाला हवं आहे कोवळं ऊन दोन तास आणि उरलेला दिवस उघडा उजेड. एकदम नको. आधी चार-पाच दिवस भिंतीपाशी, मग दर तीन-चार दिवसांनी फूटभर पुढे. पंधरवड्यात कडेला पोचेल. आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा. जुन्या लांबलेल्या फांद्या आखूड होणार नाहीत, भाजलेले डागही जाणार नाहीत. त्या फांद्या छाटा, खालून नवीन फुटेल ते आखूड पेरांचं असेल.


सपरीवाली
२५ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

मंडळी, हरले. सांगितलं तसं केलं. भिंतीपासून फूट फूट पुढे आणलं, १२ दिवस घेतले. सकाळचं ऊन ९:१५ ला निघून जातं, स्वतः घड्याळ लावून पाहिलं. तरी काल-परवा बाहेरच्या बाजूच्या पानांचे काठ पुन्हा भाजले. सकाळच्या कोवळ्या उन्हानेही भाजत असेल तर हे झाड विदर्भासाठी नाहीच, असं वाटायला लागलंय.


कोरडवाहू
२५ एप्रिल, संध्याकाळी ७:००

मी म्हटलंच होतं.


मास्तर_घाटंजी
२५ एप्रिल, संध्याकाळी ७:१२

काय म्हटलं होतं? तुम्ही ऊन वाढवा म्हटलं होतं.

ताई, ८ च्या उन्हाने, सवय लावल्यावर, असं होऊ नये. काठ गुलाबी झालेत की तपकिरी? गुलाबी छटा म्हणजे झाडाने चांगला उजेड लागल्याची खूण दाखवली, ते भाजणं नव्हे.


सपरीवाली
२५ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

शेंड्याकडे गुलाबी आहे, ते फार सुंदर दिसतंय. पण खालची, बाहेरची पानं तपकिरी, कोरडी.


कलमवाला
२६ एप्रिल, सकाळी ५:५०

ताई, दुपारी तुमी काय करता? झोपता ना? एक दिवस झोपू नोका. झाडापाशी बसून राहा १२ ते ५. आमच्या नर्सरीत एका वाफ्यातल्या कलमा दर उन्हाळ्यात एकाच बाजूनं करपत. तीन वर्सं औषध मारलं. मंग दिसलं, बाजूच्या टाकीवर नवा पत्रा होता.


सपरीवाली
२७ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

कलमवाले भाऊ, तुमच्या तोंडात साखर पडो!

आज जेवण झाल्यावर सपरीत चटई टाकून बसले. १ वाजला, काही नाही. २ वाजले, डुलक्या. सगळी सपरी सावलीत, ऊन घरामागे गेलेलं. तीनला जरा कमी असताना जमिनीवर एक पांढरी पट्टी आली. आधी वाटलं कवेलूतली फट. पट्टी सरकत सरकत कठड्यावर चढली आणि कुंडीवर येऊन थांबली. हात धरला तर चटका! डोळे मिचकावत समोर पाहिलं. गल्लीच्या पलीकडे कापूस ठेवायची शेड आहे, तिला मार्चमध्ये नवीन टिना ठोकल्या, उभी भिंतच टिनाची, कोरी चकचकीत. मावळतीकडचं ऊन आमच्या घरावरून जाऊन त्या टिनांवर आपटतं आणि उलटं सपरीत येतं. पाऊण तास होतं. मी रोज त्या वेळेला आत घोरत असते.

सासऱ्यांना दाखवलं. ते पट्टीत उभे राहिले, टोपी काढली, म्हणाले, "म्हून मायी दुपारची झोप होत नव्हती का बे, डोयावर येते." त्यांची बाज तिथेच असते.


बाजेवरचा_बुढा
२७ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

सांगा त्याईले, बाज सरकवा म्हणा.


वाळा
२७ एप्रिल, संध्याकाळी ६:४५

😂😂 आता उपाय? शेजाऱ्यांना टिना काढायला तर सांगू शकत नाही.


सपरीवाली
२८ एप्रिल, सकाळी ८:००

काही भांडण नको. सासऱ्यांचं जुनं धोतर दुहेरी करून वळचणीला बांधलं, दुपारी १ ला सोडते, ५ ला गुंडाळते. सकाळी उघडं. बाजेलाही सावली झाली.


मास्तर_घाटंजी
२८ एप्रिल, सकाळी ८:३५

उत्तम. एकेरी पांढरं कापड ऊन मऊ करतं, अंधार करत नाही. धोतर विरलेलं असेल तर दुहेरी ठीक, नवं असेल तर एकेरीच ठेवा. पंजाची सावली पाहा.

आणि एक, हिवाळ्यात हेच टिन तुमच्या कामाला येईल. उजेड परतवणारी भिंत लोक मुद्दाम करतात. मी माझ्या सपरीची मागची भिंत निळीतून काढून पांढऱ्या चुन्याची केली तेव्हा भिंतीजवळचा आकडा वाढलेला मोजलाय.


पऱ्हाटी
२३ मे, रात्री ९:००

धागा वर काढते. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) परवा-तेरवा लागेल. माझं पण आता एक पांढऱ्या काठाचं पोर्टुलाकारिया आहे (वाळाने फांदी दिली, दोन रंगांची, पांढरी नव्हे!). सपरी नाही, आमचं टिनाचं छत आणि मधे एक पारदर्शक फायबरचा पत्रा, त्याखाली उजेड मस्त येतो. तिथे ठेवू का?


कलमवाला
२४ मे, सकाळी ५:४०

नोको. उजेड मस्त येते, आगही मस्त येते. टिनाखाली दुपारी भट्टी असते, कुंडीतली मुळं उकडतात. संत्र्याच्या रोपाले आमी हिरवी नेट लावतो, ५० टक्केवाली. ती टाकून, बाहेर, कडुनिंबाच्या पूर्वेला ठेवा. पाणी संध्याकाळी. कुंडी काळ्या प्लास्टिकची असन तं मातीच्या कुंडीत बसवून टाका, दोघींच्या मधे रेती.


सपरीवाली
२ जुलै, दुपारी १२:०५

पाऊस लागला. आठ दिवस सूर्य नाही. झाड सपरीच्या अगदी कडेला आणलं, धोतर काढलं. पण दोन खालची पानं पिवळी होऊन गळाली, मऊ होती. घाबरले.


चंद्रपूरची_झळ
२ जुलै, दुपारी १:३०

माती कोणती?


सपरीवाली
२ जुलै, दुपारी १:४१

वावरातली काळी. थोडं शेणखत.


चंद्रपूरची_झळ
२ जुलै, दुपारी १:५०

अरे देवा. हे एप्रिलमध्येच विचारायला हवं होतं. काळी माती कपाशीला चांगली, याला नाही. पाणी धरून बसते, वाळली की भेगा पडून मुळं तोडते. आजच काढा. जाडी रेती, बारीक मुरूम, विटेचा चुरा मिळून तीन भाग, एक भाग माती. रेती गाळून घ्या, पीठ नको. मग चार-पाच दिवस कोरडं ठेवा. उजेड कमी झाला की झाड पाणी कमी पितं, आपण मात्र उन्हाळ्याच्याच सवयीने ओततो. ढगाळ आठवड्यात पाणी शून्य. पानाला सुरकुत्या पडल्या की मगच.


सपरीवाली
२ जुलै, संध्याकाळी ६:००

काढलं. मुळं निम्मी तपकिरी होती, कापली. मुरूम सासऱ्यांनी स्वतः चाळून दिला. आता ते "मायं झाड" म्हणायला लागलेत.


सपरीवाली
१९ डिसेंबर, सकाळी ९:२५

खूप दिवसांनी. कापूस वेचणीत फोन हातात घ्यायला वेळ नव्हता.

झाड आहे. छाटलेल्या ठिकाणाहून सात फुटवे आले, पानाला पान लागून, काठ पांढरे आणि थंडीत कडेने गुलाबी रेघ. पूर्ण पांढरी फांदी सप्टेंबरमध्ये आपोआप सुकली. हिरवी एक परत निघाली होती, नखाने खुडली. झाड आता सपरीच्या उत्तर टोकाला, बाबाजींनी सांगितलं तिथे. आत्ता हे लिहितेय तेव्हा ऊन सपरीत आत तिसऱ्या फरशीपर्यंत आलंय, शेजारी बाज, बाजेवर सासरे, त्यांच्या पायाशी कुंडी. टिनांना वर्षभरात धूळ बसली, चमक गेली, दुपारची पट्टी आता फिकट येते आणि थंडीत बरी वाटते.

मास्तर, आकडा मोजला. १४ हजार, ऊन अंगावर नसताना. एक शंका: हिवाळ्यात ऊन ११ पर्यंत अंगावर राहतं, एवढं चालेल का, की धोतर परत बांधू?


मास्तर_घाटंजी
१९ डिसेंबर, सकाळी १०:१०

चालेल. डिसेंबरचं ११ चं ऊन तिरकं असतं, एप्रिलच्या ९ सारखं धरा. फेब्रुवारी अर्धा झाला की धोतर शोधून ठेवा.


पऱ्हाटी
१९ डिसेंबर, सकाळी १०:३०

माझं पण जगलं! ताई, तुमच्या छाटणीतल्या दोन रंगी फांद्या कोणाला दिल्या?


सपरीवाली
१९ डिसेंबर, सकाळी १०:४५

तीन लावल्या आहेत. एक कलमवाल्या भाऊंसाठी ठेवलीय, दुसरी बाबाजींसाठी. तिसरी सासऱ्यांनी त्यांच्या कृषी केंद्रवाल्या मित्राला कबूल केली, मोझॅक दाखवायला म्हणून.